निम्मं दार

“ही कुठल्या रंगाची?” सुभानने विचारलं.

नूरबी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वळवून पाहिलं. नवरा तिच्या बांगड्यांची पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन बसला होता आणि चिमटीत एक काचेची बांगडी धरून दाराच्या उजेडात फिरवत होता.

“हिरवी,” ती म्हणाली. “ईदला घेतली नव्हती का, तीच.”

“आन् ही?”

“लाल. ठेवा आता ती पेटी, फोडाल एखादी.”

म्हणाली खरी, पण गालातल्या गालात हसली. बायकोच्या हातात बांगड्या आहेत की नाहीत याची पंचवीस वर्षांत ज्याने कधी दखल घेतली नाही, तो माणूस गेले आठ महिने सुट्टीच्या दिवशी सकाळी पेटी उघडून बसायचा. शेजारच्या सरूबाईला तिने हे तोंडाला पदर लावून सांगितलंही होतं. तुझ्या घरधन्याला म्हातारचळ लागलाय बाई, असं सरूबाई म्हणाली होती आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

सुभानला हसू येण्यासारखं काही नव्हतं. पहिली बांगडी त्याने मनात लाल धरली होती आणि दुसरी हिरवी. त्याच्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसत होत्या, चहाच्या चोथ्याच्या रंगाच्या. पेटी बंद करून तो उठला, मोरीवर तोंड धुतलं आणि अंगणात लिंबाखालच्या मोटारगाडीपाशी गेला.

सुभान शेख रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता. दौंडहून पुण्याला जाणारी शटल तो नऊ वर्षं चालवत होता, आणि त्याआधी अकरा वर्षं त्याने फायरमन म्हणून कोळसा ओढला होता. आता इंजिन ड्रायव्हरला दोन गोष्टी लागतात, हात आणि डोळे. हात शाबूत होते. डोळे गेल्या जूनपासून रंग सोडायला लागले. आकार दिसायचा, माणूस दिसायचा, लांबचं झाड दिसायचं, पण तांबडं आणि हिरवं एकमेकांत मिसळून गेलं. पुण्याला एका डॉक्टरला त्याने गुपचूप गाठलं. डॉक्टर म्हणाला, तंबाखू किती खाता? सुभानने खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, मग सोडा आजपासून. रंग परत येतील, न येतील, सांगता येत नाही. सुभानने त्याच दिवशी चंची पुलावरून खाली टाकली. पंधरा दिवस त्याचं डोकं भणभणत होतं, घरात तो भांड्यांवर चिडायचा. आठ महिने झाले, तंबाखू गेली ती गेली, रंग काही आले नाहीत.

दिवसा काही अडायचं नाही. सिग्नलचा हात आडवा असला की थांबायचं, खाली झुकला की जायचं, त्याला रंग कशाला लागतो? खरी गोम काळोखातली. हात दिसत नाही, नुसता दिवा दिसतो, आणि दिवा बोलतो तो रंगाने. अशा वेळी रेल्वेचा नियम असा, की सिग्नल दिसला की फायरमनने मोठ्याने पुकारायचं, ‘लाल’ नाहीतर ‘हिरवा’. मग ड्रायव्हरने स्वतः डोळ्यांनी बघायचं आणि तेच परत म्हणायचं. दोघांचे चार डोळे असावेत, म्हणून हा नियम. सुभान गेले आठ महिने फक्त परत म्हणत होता.

त्याचा फायरमन भिमाजी, कवठे येमाईचा. तीस-बत्तीस वर्षांचा, जिभेने तुटक आणि कामाला चिवट. त्याला वाटायचं, उस्ताद बघून बोलतात. का वाटू नये? नऊ वर्षं एका इंजिनावर काढलेली माणसं एकमेकांवर शंका घेत बसत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, रंग गेले त्याच दिवशी या माणसाने राजीनामा का दिला नाही? म्हणणं सोपं असतं. शिरूरला दिलेली लेक शहाबानो दोन पोरं पदरात घेऊन विधवा झाली होती आणि तिच्या चुलीतला जाळ याच पगारावर चालायचा. शिवाय मार्चच्या पंधरा तारखेला डोळ्यांची तपासणी होती, अंधाऱ्या खोलीत कंदिलातून रंगीत ठिपके दाखवायची. तिथे नापास झालेला ड्रायव्हर शेडमध्ये राख ओढायला जातो. सत्तेचाळीस वर्षांच्या सुभानला, ज्याला पाटसपासून पुण्यापर्यंत फाटकवाले सलाम करायचे, राख ओढायची भीती वाटत होती. ही भीती त्याने नूरबीलासुद्धा सांगितली नव्हती.

त्याचा सगळा भरवसा अंगणातल्या त्या मोटारगाडीवर होता.

गाडी होती हॅरिस साहेबाची. हॅरिस म्हणजे सुभानचा उस्ताद, गोरागोमटा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, शिव्या अस्सल दौंडच्या द्यायचा. स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि जाताना ही गाडी सुभानला देऊन गेला. शर्यतीची विलायती गाडी. बुटकी, लांब नाकाची, तारांच्या चाकांची, दोनच माणसं बसतील एवढी. तिचं इंजिन तेव्हाच बसलेलं होतं. हॅरिस एवढंच म्हणाला होता, की भंगारवाल्याला देऊ नकोस. सुभानने ती बैल लावून ओढत घरी आणली आणि लिंबाखाली उभी केली. दहा वर्षं नूरबीच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या.

रंग गेले आणि सुभानने कोंबड्या हुसकल्या. बसलेल्या पिस्टनवर रॉकेल ओतून तो अकरा दिवस थांबला, मग लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकत एकेक बाहेर काढला. बेअरिंगचा पांढरा धातू नूरबीच्या पळीत वितळवून ओतला आणि खरवडून खरवडून बसवला. ती पळी नूरबीने पुन्हा आमटीत घातली नाही. तुटलेल्या तारा शिरूरच्या सायकलवाल्याकडून मिळाल्या, गाद्या स्टेशनबाहेरच्या मोच्याने शिवल्या. दिवाळीनंतर एका दुपारी त्याने हँडल मारलं, आणि दहा वर्षं मुकी असलेली गाडी खोकली, धूर ओकली आणि चालू झाली. नूरबी पिठाच्या हातांनी बाहेर धावली होती. सुभान बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून उभा होता, नुसती थरथर अंगात घेत.

पण दोन माणसांच्या गाडीवर पोट भरत नाही. म्हणून सुभानने तिची शेपूट कापली. पेट्रोलची टाकी खाली सरकवली, मागे लोखंडी पट्ट्यांची चौकट बसवली आणि टांग्याला असते तशी पाठीला पाठ लावून तीन माणसांची बैठक केली, पाय ठेवायला फळीसकट. हॅरिस साहेबाने बघितलं असतं तर ऊर बडवून घेतला असता. सुभानला त्याची पर्वा नव्हती. दौंड स्टेशनवर उतरलेली माणसं शिरूरला नेऊन सोडायची, हा त्याचा बेत. परवान्याचं त्याच्या मेव्हण्याने, महबूबने, शिरूरला बोलून ठेवलं होतं. दौंड ते शिरूर सबंध रस्त्यात एक सिग्नल नाही. बैलगाड्या, शेळ्या, उसाच्या मोळ्या. त्यांना रंग असला काय नि नसला काय. मार्चच्या दहा तारखेला इंजिनाचा कंटाळा आला म्हणून सांगायचं आणि ताठ मानेने बाहेर पडायचं. कुणाला काही कळणार नाही आणि राखही ओढावी लागणार नाही.

सगळं बेताप्रमाणे चाललं होतं. मग जानेवारीत ते धुकं पडलं.

भीमेवरून धुकं चढतं तेव्हा दौंडमध्ये स्वतःचा हात दिसत नाही. पहाटेची शटल घेऊन दोघं निघाले होते. पाटसच्या अलीकडे भिमाजी भट्टीत कोळसा टाकत होता. त्याने फावडं ठेवलं, मान बाहेर काढली, धुक्यात कुठेतरी दिव्याचा ठिपका दिसला आणि त्याने पुकारलं, “हिरवा.”

“हिरवा,” सुभान म्हणाला.

गाडी वेगात होती. डब्यांतून दूधवाले, भाजीवाले, शाळामास्तर, कचेरीतले कारकून, बाळंतपणाला निघालेल्या लेकी. अर्धा मैल गेला असेल नसेल, धुक्याला एक भोक पडलं आणि सिग्नलचा हात सुभानला समोर दिसला. तो आडवा होता. सुभानने ब्रेक असा खेचला की भिमाजी कोळशावर जाऊन आदळला. चाकं किंचाळत घसरत गेली. इंजिन सिग्नलच्या पंधरा हात अलीकडे थांबलं. पुढे एक मालगाडी त्यांच्याच रुळावरून आडवी दुसरीकडे चालली होती, सावकाश, एकेक डबा मोजावा अशी.

सिग्नल लाल आणि गाडी त्याच्या अलीकडे उभी, म्हणजे कागदावर काहीच घडलं नव्हतं. गार्डने शिट्टी मारून चौकशी केली आणि विषय संपला. काय होता होता राहिलं, हे दोनच माणसांना ठाऊक होतं. भिमाजी कोळशातून उठला. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं. तो सुभानकडे बघत राहिला, आणि सुभानच्या तोंडून जे निघालं ते त्याला पुढे जेवू देईना की झोपू देईना.

“हिरवा म्हनलास ना तू?” सुभान म्हणाला.

भिमाजीने मान खाली घातली. “व्हय उस्ताद. माजी चूक झाली.”

सुभान गप्प बसला. पुण्यापर्यंत गप्प आणि पुण्याहून परत येतानाही गप्प. पुढच्या आठवड्यात शेडमध्ये त्याच्या कानावर आलं, की भिमाजीने शंटरच्या परीक्षेतून आपलं नाव मागे घेतलं. शंटर म्हणजे ड्रायव्हर होण्याची पहिली पायरी. त्या पायरीसाठी तो चार वर्षं रांगेत उभा होता. मोठ्या कारकुनाने कारण विचारलं तेव्हा म्हणाला, माझी नजर भरवशाची नाही, माझ्या हातून माणसं मरतील. सुभानने हे ऐकलं आणि मूग गिळून घरी आला. त्या दिवशी त्याने गाडीचे नट इतके आवळले की एकाचे आटे गेले.

आता त्याला फक्त गाडी रस्त्यावर आणायची घाई होती. एकदा गाडी लागली की इंजिन सोडू, मग भिमालाही सावकाश काहीतरी सांगू, असं तो स्वतःला समजवायचा. समजूत पटायची नाही, पण हात चालू राहायचे. आता रंग तेवढा राहिला होता. महबूबने शिरूरहून तीन डबे पाठवले, दोन गडद हिरव्या रंगाचे आणि एक तांबड्या ऑक्साइडचा, गाडीच्या पोटाला गंज चढू नये म्हणून खालून लावायला. सुभानने ते आपल्या हाताने खाटेखाली ठेवले, हिरवे डावीकडे, तांबडा उजवीकडे. डोळ्यांनी साथ सोडल्यापासून तो सगळं असंच जागेवरून ओळखायचा. पण घरात बाई असते आणि ती शुक्रवारी खाटेखालून केर काढते, हे त्याच्या हिशेबात राहून गेलं.

तर त्या रविवारी बांगड्यांची पेटी ठेवून सुभान अंगणात आला आणि रंगाला बसला. नाकापासून सुरुवात केली. बॉनेट, पुढचे मडगार्ड, मग दार. दाराच्या मध्यावर पहिला डबा संपला. खाटेखालून डावीकडचा दुसरा डबा त्याने काढला, झाकण उचकटलं आणि हात न थांबवता पुढे निघाला. हा रंग जरा घट्ट लागला, चकाकीही कमी वाटली. थंडीने गोठला असेल, वाळल्यावर चढेल तेज, असं तो मनाशी म्हणाला. नूरबी सकाळीच सरूबाईबरोबर बाजाराला गेली होती. उन्हं डोक्यावर आली तेव्हा त्याने मागच्या बैठकीच्या फळीवर शेवटचा हात फिरवला आणि चार पावलं मागे सरून गाडीकडे पाहिलं. फार देखणी दिसत होती. किती महिन्यांनी त्याला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात भिमाजी आला. गावाकडून परतताना हरभऱ्याचा ढाळा घेऊन आला होता, उस्तादाच्या घरी द्यायला. पाटसनंतर तो पहिल्यांदाच घरी येत होता. अंगणाच्या तोंडाशी थबकला आणि गाडीकडे बघत राहिला.

“कशी दिसती?” सुभानने विचारलं.

“लई झ्याक.” भिमाजी हसला. “पन उस्ताद, दोन रंग मुद्दाम दिल्यात व्हय?”

सुभानच्या हातातला ब्रश तसाच राहिला. वीस वर्षं इंजिनावर काढलेला माणूस, प्रसंगाला डोकं चालवायची सवय, तो लगेच म्हणाला, “व्हय. टांग्यावानी. म्होरं येक, मागं येक.”

भिमाजीने मान डोलावली. त्याला पटलंही असेल. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला, तारांच्या चाकाला हात लावला, मागची बैठक वाकून बघितली. मग दारापाशी थांबला.

“मंग ह्ये दार निम्मंच का?”

सुभानने दाराकडे बघितलं. त्याला ते अखंड एका रंगाचं दिसत होतं. तो जवळ गेला आणि बोटाची टोकं दारावरून हलकेच फिरवत नेली. मध्यावर बोटाला बारीकशी कडा लागली, जिथे एक रंग वाळला होता आणि दुसरा ओला होता. बोटं तिथेच राहिली.

भिमाजीचं हसू मावळलं. त्याने डब्यांकडे बघितलं, सुभानच्या डोळ्यांकडे बघितलं, मग कपाळावरच्या वणाला हात लावला. जखम भरली होती, वण राहिला होता.

“पाटसला तुमी दिवा बघितलाच न्हाई,” तो म्हणाला.

“बघितला. रंग कळला न्हाई.”

“मी भट्टीतनं मान वर काडली तवा डोळ्याम्होरं नुसता जाळ व्हता. धड दिसलं न्हाई. म्हनलं, चुकलो तर उस्ताद हायती.”

“आन् मी म्हनलं, तू हायेस.”

लिंबावर कावळे ओरडत होते. भिमाजी ढाळ्याची पेंढी काखेत धरून उभा होता, खाली ठेवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

“मी परीक्षेतनं नाव काडलं, उस्ताद. माज्या आईनं, बयाबाईनं, यमाईला पाच शुक्रवार धरल्यात, पोराची नजर सुदरू दे म्हनून. मी सपनात रोज ती मालगाडी बघतो.”

“ठाव हाय मला.”

“तुमाला ठाव हाय, त्ये मला आत्ता कळलं.”

एवढंच तो बोलला. ओरडला असता, शिवी दिली असती, तर सुभानला सोसलं असतं. भिमाजीने पेंढी ओट्यावर नीट ठेवली, चपला पायात सारल्या आणि निघाला. अंगणाच्या तोंडाशी एकदा थांबला. “मी कुनाला सांगनार न्हाई,” म्हणाला, आणि गेला. सुभान गाडीच्या पुढच्या गादीवर बसून राहिला. भिमा सांगणार नाही, हे त्याला न सांगताही ठाऊक होतं. उद्या संध्याकाळी तो ड्यूटीवर येणार, कोळसा टाकणार, सिग्नल पुकारणार, आणि आपण परत म्हणणार. फक्त यापुढे दोघांनाही कळणार, की गाडीतल्या साऱ्या माणसांचा जीव दोनच डोळ्यांवर चाललाय, आणि त्या डोळ्यांचा भरवसा आपणच घालवलाय. मोठ्याने रडावं असं वाटलं, पण अंगणात कुणी येईल म्हणून तो तसाच बसला.

नूरबी बाजारातून आली. गाडीकडे बघून आधी फिस्सकन हसली, मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. पिशवी ओट्यावर ठेवून ती आत गेली. बाहेर आली ती बांगड्यांची पेटी घेऊन. दुसऱ्या गादीवर, जिथे आजवर कुणी बसलं नव्हतं, तिथे त्याच्या शेजारी येऊन बसली आणि पेटी मांडीवर ठेवली.

“आठ महिने,” ती म्हणाली.

सुभानने मान हलवली.

“मला वाटलं, उशिरा का होईना, माझ्या हाताकडं बघायला लागलात.” तिचा आवाज फुटला. “मी रोज निवडून भरत होते हो.”

तिला राग आला होता, दया आली होती, आणि सरूबाईसमोर हसलो याची लाजही वाटत होती. सगळं एकदम आलं आणि ती पदराने तोंड झाकून रडली. सुभानने मग तिला सगळं सांगितलं, पाटसचं धुकं, मालगाडी, भिमाजीचं कपाळ, परीक्षा, राख. सांगताना त्याने स्वतःला कुठे वाचवलं नाही. ऐकून झाल्यावर नूरबीने डोळे पुसले आणि म्हणाली, मी रॉकेल आणते, रंग ओला आहे तोवर पुसून टाकू; हिरव्याचा एक डबा अजून आहे ना? उद्या सकाळी परत लावा, कुणाला काय कळतंय. आणि लगेच तिचं तिलाच कळलं की आपण काय बोललो.

“ऱ्हाऊ दे तसाच,” सुभान म्हणाला.

सोमवारी सकाळी त्याने आंघोळ केली, ड्यूटीची धुतलेली निळी पँट-शर्ट घातली. उंबऱ्याबाहेर येतो तो ओट्यावर भिमाजी बसलेला. किती वेळ बसला होता कोण जाणे. तोंड सुजलेलं, रात्र काही नीट गेली नसावी. तो चाचरत म्हणाला, उस्ताद, मी इचार केला, पंधरा मार्चच्या तपासनीपतोर मी डोळ्यांत तेल घालून बघतो, भट्टी आधी भरून ठेवतो, सिग्नलच्या टायमाला फावड्याला हात लावत न्हाई. निभतंय. तुमी काळजी करू नका.

सुभानने त्याच्याकडे बघितलं. या माणसाला आपण दीड महिना गुन्हेगार म्हणून हिंडू दिलं, आणि हा आपल्याला वाचवायला आलाय.

“बस गाडीत,” तो म्हणाला.

“कुटं जायाचं?”

“शेडला. फोरमन साहेब धाला येतो. तुजं नाव पुन्ना लिवायचं हाय परीक्षंला. आन् माजं...” त्याने हँडल खोचलं आणि फिरवलं. गाडी तिसऱ्या झटक्याला चालू झाली.

नूरबी दारात उभी होती. शेडचे साहेब लोक काय लिहून मागतील, अर्ज कसा करायचा, असं ती काहीतरी विचारत होती. सुभान म्हणाला, लिहायचं काय कारण, गाडी दारात उभी केली की साहेबाला दिसेल. त्याने ब्रेक सोडला आणि हॅरिस साहेबाची गाडी दहा वर्षांनी रस्त्याला लागली, पुढून हिरवी, मागून तांबडी, दार निम्मं-निम्मं. आवाज सुरेख होता. सुभानचा कान एकेका सिलिंडरवर होता, कुठे चूक नव्हती. या आवाजासाठी त्याने आठ महिने घातले होते. तो आज रस्त्यावर ऐकायला मिळाला, आणि कुठे जाताना मिळाला, याचं त्याला फार वाईट वाटलं.

बाजारपेठेत माणसं हातातली कामं सोडून बघायला लागली. तराजूमागचे दुकानदार हसले, पोरं गाडीमागे धावली, कुणीतरी ओरडलं की ड्रायव्हरसाहेबांनी रंगपंचमी आधीच उरकली. भिमाजीने शरमेने मान खाली घातली होती. सुभान दोन्ही हातांनी चाक धरून समोर बघत होता.

शेडच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागतं. ते बंद होतं. फाटकाच्या मधोमध गोल पाटी होती.

“लाल,” भिमाजी म्हणाला. सवयीने तोंडातून गेलं त्याच्या.

सुभानने फाटक बघून गाडी उभी केली. पुण्याहून शटल येत होती. फाटकवाला झेंडी घेऊन रुळाच्या कडेला उभा राहिला, त्याने ती उलगडली आणि समोर धरली.

“हिरवा,” भिमाजी म्हणाला, आणि त्याने सुभानकडे पाहिलं. नऊ वर्षं त्याने पुकारलं की शेजारून तोच शब्द परत यायचा. सुभानच्या जिभेच्या टोकावर तो आलाही होता. त्याने ओठ मिटून घेतले. इंजिन धडधडत पुढून गेलं, वर बसलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरने सुभानला ओळखून हात केला, मग एकामागे एक डबे गेले, खिडक्यांत दूधवाल्यांच्या रिकाम्या चरव्या, बायका, मांडीवरची पोरं. शेवटी गार्डचा डबा गेला आणि रूळ मोकळे झाले. फाटकवाला झेंडी गुंडाळत फाटकाकडे आला.

“फाटक उघडलं, उस्ताद,” भिमाजी म्हणाला.

“त्ये दिसतंय मला,” सुभान म्हणाला, आणि त्याने गाडी गिअरमध्ये टाकली.